दोनशे चौदा नंबरची गाय

३ ऑक्टोबर १९५७, गुरुवार

सातवं पोतं सोडलं. शेळी, शेळी, हरणाचं तुटकं शिंग, आणि बाकी गुरं, गुरं, गुरं. धुळीने दिवसभर शिंका. प्रॅक्टिकलला पोरींनी विचारलं, "मिस, सर्दी?" म्हटलं, तीन हजार वर्षांची आहे, जाता जात नाही.

नगर जिल्ह्यात नदीकाठच्या टेकाडातून निघालेली, खोदकामवाल्यांनी आमच्या कॉलेजकडे तपासायला पाठवलेली हाडं. सरांनी काम दिलं तेव्हा म्हणाले होते, "मिस सामंत, त्या काळची माणसं गुरांचं काय करायची, एवढंच हाडांना विचारायचं." एवढंच! हाडं काय शाळेतली मुलं आहेत, विचारलं की उभं राहून सांगायला?

३१ तारखेला पोती परत जाणार. त्याआधी अहवाल. खोदकामाच्या पुस्तकात हाडांचं एक प्रकरण असेल आणि ते माझ्या नावाने छापतील, असं सर म्हणाले. चार वर्षं दुसऱ्यांच्या बेडकांना टाचण्या टोचल्यावर पहिल्यांदा स्वतःचं काही. आईला सांगितलं. तिने देवापुढे साखर ठेवली. कशाबद्दल ते देवाला सांगितलं नसावं.

५ ऑक्टो., शनिवार

क्र. २१४. सगळ्यात खालच्या थरातलं. खुब्याचं हाड, डावी बाजू, अर्धंच. पण मांडीच्या हाडाचा गोळा जिच्यात फिरतो ती वाटी शाबूत आहे. वाटीत बोट फिरवलं आणि थांबले. एका कडेला काचेसारखी गुळगुळीत. हाडावर हाड वर्षानुवर्षं घासलं की अशी चकाकी येते. ओढणारं जनावर. नांगर नाहीतर गाडी. वहीत लिहिलं: बैल. आनंदाने लॅबमध्ये तीन फेऱ्या मारल्या. शिपाई बघत होता.

मग वाटीची आतली कड मोजली. पातळ.

पुन्हा मोजली. कपाटातले दोन सांगाडे काढले, एक बैलाचा, एक गाईचा. बैलाची कड जाड असते. ही गाईशी जुळते. तीनदा लावून पाहिलं, तीनदा गाईशीच.

वहीतला बैल खोडला. पण मोजायच्या आधीच मी बैल का लिहिला? कारण जू म्हटलं की बैल. गाईला जुंपलेलं मी जन्मात पाहिलं नाही, कुणाच्या तोंडून ऐकलंही नाही. आपल्याकडे ते पापच.

त्यांनी जुंपली होती. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. पोळी करपवली, आई बोलली.

८ ऑक्टो., मंगळवार

सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून खूप वेळ पाहिलं, म्हणजे वाटेल तसं उडवून लावलं असं म्हणता येणार नाही. मग म्हणाले, "म्हातारी गाय. वाताने झिजली. माझ्या बहिणीचे गुडघे असेच आहेत, तिने कुठे नांगर ओढलाय?"

"पण सर, वाताची झीज सगळीकडे असते. ही एकाच कडेला आहे, ओढताना जोर येतो तिथे."

"एका हाडावरून तुम्ही म्हणणार की आपल्या पूर्वजांनी गाय जुंपली? लोक आपल्याला जोड्याने मारतील. दुसरं असं हाड आणा. नाहीतर सरळ बैल लिहा. कडेच्या जाडीचा काय भरवसा?"

मी "बरं सर" म्हणून बाहेर आले. चोख उत्तरं मला नेहमी घरी जाताना गाडीत गोरेगाव मागे पडल्यावर सुचतात. आज चार सुचली. चारही फुकट.

९ ऑक्टो.

दोन पोती उपसली. दुसरं तसं हाड नाही.

१० ऑक्टो.

आणखी दीड पोतं. नाही. संध्याकाळी शेजारपाजारचे सगळे गच्चीवर जाऊन रशियाने आकाशात सोडलेला चंद्र शोधत होते. मलाही हाका मारल्या. गेले नाही. त्यांना वर काही दिसेना, मला खाली.

१३ ऑक्टो., रविवार

आज एक आगाऊपणा केला. २१४ सरांना न विचारता पिशवीत घालून कांदिवलीला नेलं. बोरिवलीला आमच्या घराशेजारी बिल्डिंग उठतेय, तिथे खडी टाकणारा धाकू गाडीवान आहे. पन्नाशीचा, माणगावकडचा. कांदिवलीच्या दगडाच्या खाणीजवळ त्याचा गोठा. म्हटलं, पुस्तकं झाली, सांगाडे झाले, आता ज्याने जन्मभर बैलांच्या मागे चालून काढलंय त्याला विचारू.

बैल धूत होता. हात पुसून हाड घेतलं. वाटीत अंगठा घातला आणि डोळे मिटून फिरवत राहिला. मी लॅबमध्ये बोट फिरवलं तसंच, फक्त जास्त सावकाश.

"कमरेतनं गेलेलं जनावर हाय. लय ओढलेलं."

"बैल की गाय?"

अंगठा थांबला. हाड माझ्या हातात दिलं. "बैलच की ओ बाय. गाय कोन जुपतंय?" आणि पाठ वळवून पुन्हा बैलाला पाणी मारायला लागला. पाणी उगाच जास्त मारत होता.

१६ ऑक्टो., बुधवार

लॅबला दिवाळीची सुट्टी लागली. मोजायची राहिलेली चाळीस हाडं बिस्किटांच्या डब्यात भरून घरी आणली, खाटेखाली ठेवली. २१४ ही त्यातच. सरांची चिठ्ठी घेतली आहे या वेळी.

घरी येताना वाटेत कांदिवलीला उतरले. धाकू म्हणाला, "वाटलंच बाय परत येनार." गोठ्यामागे दगडावर बसून बोलला. माझ्याकडे बघत नव्हता.

बुळकांडीच्या साथीत त्यांचे दोन्ही बैल चार दिवसांत मेले. पाऊस तोंडावर. "बा नं गाय जुपली. टेकडीच्या पल्याड आमचं एक वावर व्हतं, तिथनं मानसाची वाट नाय. मी म्होरं दावं धरून. तीन पावसाळे. गावाला कळतं तं वाळीत टाकलं असतं." मग खाली वाकून एक खडा उचलला. "नंतर ती उठाय लागली का कमरेत वाजायचं. कट, कट. आय कानावर हात ठेवायची."

"कोनाला बोलू नको हां बाय. बा गेला, पन तरी."

वचन दिलं. तेव्हा हा पुरावा मिळाला आणि त्याच क्षणी गेलाही. अहवालात धाकूचं नाव घालता येणार नाही, आणि घातलं तरी सर हसतील. पण मला आता शंका उरलेली नाही. गाय जुंपत नाहीत असं सगळे सांगतात. अडल्यावर जुंपतात आणि मग कुणी बोलत नाही. तीन हजार वर्षांपूर्वी तरी उघड जुंपत होते की टेकडीपलीकडे, कोण सांगणार.

१७ ऑक्टो., गुरुवार

आई चकल्या पाडत होती, मी तळत होते. राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. (धाकूचं नाही.) डबा उघडून २१४ दाखवलं. आधी म्हणाली, "शी, फराळात हाडं काय आणतेस गो?" मग ऐकत बसली.

"म्हणजे नांगराला जुंपली."

"हो."

"दूध पण काढलं असेल तिचं?"

"काढलं असणार. वासरंही झाली असतील."

"आणि मेल्यावर?"

मी रंगात आले होते. म्हटलं, मेल्यावर नाही, मारलीच. हे बघ, या बारीक रेघा, मांस कापताना पातं हाडाला लागलं. मांस खाल्लं, लांब हाडं फोडून आतला मगज खाल्ला, कातडं वापरलं असेल, आणि उरलेलं उकिरड्यात. तिथेच आत्ता सापडलं. त्या लोकांनी जनावराचं काही वाया घालवलं नाही, हेच तर दाखवायचंय मला अहवालात!

आईच्या हातची चकली पाडताना तुटली, ती परत गोळ्यात घातली. थोड्या वेळाने म्हणाली, "तेल तापलंय गो, लक्ष कुठे आहे."

१८ ऑक्टो.

बावीस हाडं मोजून झाली. पावलाचं एक हाड मिळालं, सांध्यापाशी रुंदावलेलं, तेही ओढणाऱ्या जनावराचं लक्षण. पण वरच्या, म्हणजे नंतरच्या थरातलं, आणि अंगापिंडाने बैल. उपयोग नाही. चिडचिड.

१९ ऑक्टो., शनिवार. वसुबारस

आईचा उपास. सकाळी शेजारच्या काकूंबरोबर तबेल्यात गाय-वासरू पुजायला गेली ती दुपारी दोनला आली. पातळाचा काठ ओला. आल्याआल्या डोक्यावरून अंघोळ. म्हटलं, इतका वेळ? "गर्दी होती." मी डोकं वर न करता मोजत होते, म्हणून पुढे विचारलं नाही.

२० ऑक्टो., रविवार

२१४ नाही.

डबा तीनदा उपसला. खाट हलवली. पिशव्या, ट्रंक, मोरी, सगळं. आई दारात उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "त्यात नाही ते. मी सोडलं."

"कुठे सोडलंस?"

"पाण्यात. गोराईला."

काल पूजेनंतर होडीने खाडीपलीकडे गेली. लाल फडक्यात बांधून, हळदकुंकू वाहून, गुडघाभर पाण्यात उतरून सोडून आली. अस्थी सोडतात तशी.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारच्यांनी रेडिओ बारीक केला एवढं लिहिते. "तुला काय कळतं यातलं" हे मात्र लिहिते, कारण ते बोलायला नको होतं.

आई ओरडली नाही. "तूच म्हणालीस ना, सगळं घेतलं तिचं. आणि उकिरड्यावर टाकली. तिचं कोणी काही केलं नसेल गो. इतकी वर्षं तशीच पडलेली. वसुबारशीला गाईसाठी जे काय करायचं ते केलं मी."

"ते कॉलेजचं हाड होतं!"

"असेल. गाय तर होती ना?"

जेवले नाही. आईही जेवली नाही.

२२ ऑक्टो.

दिवाळी. आम्ही एकमेकींशी फराळाच्या डब्यांपुरतं बोलतो. शेजारच्या काकू ताट द्यायला आल्या तर दोघीही एकदम हसतमुख. त्या गेल्यावर परत तोंडं फिरवली.

२४ ऑक्टो., गुरुवार

अमावास्या नुकतीच झाली, म्हणजे ओहोटी मोठी. सकाळी लवकर एकटीच गोराईला निघाले, तर आई चपला घालून दारात. "जागा तुला कशी कळणार?"

पलीकडे उतरून तिवरांच्या कडेने गेलो. पाणी लांब हटलेलं, नुसता चिखल. आईने बोट दाखवलं, "इथे. नाही, ते वाकडं झाड होतं ना, तिथे." पाच दिवसांत दहा भरत्या येऊन गेलेल्या. तरी शोधलं. मी काठीने ढोसत होते. आई पदर खोचून, वाकून, दोन्ही हातांनी चिखल चाचपत होती. माझ्यापेक्षा जास्त वेळ.

खेकडे पकडणारी एक कोळीण थांबली. "काय गो बाय, सोना परला काय?"

आई म्हणाली, "सोनं नाही. गाय."

ती कोळीण अशी बघत राहिली की मला हसू फुटलं. आईलाही. चार दिवसांत पहिल्यांदा.

हाड मिळालं नाही. आईला चिखलातून एकदम उठता येईना. कमरेला हात लावून तशीच थांबली. मी हात दिला. बाबा गेल्यावर मी नोकरीला लागेपर्यंत चौदा वर्षं दोन घरचा स्वयंपाक केला तिने, सकाळ-संध्याकाळ, उभ्याने. तिची कमर दुखते हे मला माहीत होतं. म्हणजे दुखते एवढंच माहीत होतं. होडीत तिच्या शेजारी बसले आणि रडू आलं, खूप. तिला वाटलं हाडासाठी. म्हणाली, "मिळेल गो दुसरं."

२६ ऑक्टो.

आता माझ्याकडे काय आहे: मापं, पेन्सिलीने काढलेली दोन चित्रं, आणि खोडलेल्या बैलाचं वहीतलं पान. हाड नसताना कोण मानणार? हाड होतं तेव्हाच मानत नव्हते.

बैल लिहिलं तर? कुणी तपासू शकणार नाही. हा विचार आला ते लिहून ठेवते, म्हणजे आला नव्हता असं पुढे मला म्हणता येणार नाही.

२९ ऑक्टो., मंगळवार

सरांना सांगितलं. सुट्टीतही ते रोज येऊन बसतात. उभ्यानेच सगळं सांगितलं, थांबले असते तर धीर गेला असता.

सर आधी लाल झाले. मग खिडकीशी गेले. "खोदकामवाल्यांना काय कळवू मी? डेमॉन्स्ट्रेटरच्या मातोश्रींनी पुराव्याचा अंत्यविधी केला?" मग वळले आणि आवाज खाली आणला. त्यांनी रागावूनच राहायला हवं होतं, सोपं गेलं असतं.

"हे बघा. साडेसहाशे हाडं आहेत. त्यांनी मोजून पाठवलेली नाहीत, नंबर आपणच टाकलेत. २१४ यादीतून काढा. पुढचे नंबर एकेक खाली सरकवा. ते हाड आलंच नाही. बाकी अहवाल उत्तम आहे, कच्चा मसुदा मी वाचलाय. तुमच्या नावाने जाईल. परवा सकाळपर्यंत टाइप करून आणा."

"आणि गाय, सर?"

"कुठली गाय?" ते म्हणाले. रागाने नाही. समजूत घालतात तसं.

३० ऑक्टो., बुधवार

कॉलेजच्या टाइपरायटरवर बसले. २१३. मग २१५ ला २१४ केलं. २१६ ला २१५. असे साठ नंबर सरकवले आणि हात थांबले. सोपं होतं, हेच वाईट. दूध काढलं, जुंपली, कापली, फोडली, टाकली, आणि आता यादीतूनही काढायची. तेही मीच.

पानं फाडली. फाटलेली घरी आणली, कचऱ्याच्या टोपलीत टाकायला धजले नाही.

आईने पाहिली. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात. "हे खाली सरकवलेत ते माझ्यामुळे ना?" खोटं बोलायचं होतं, जमलं नाही. सगळं सांगितलं. नाव छापून येणार की नाही तेही.

ती भांडी पुसत होती. पुसून ठेवली. म्हणाली, "मग खरं ते लिही. मी सोडलं म्हणून लिही. चोरी झाली असं वाटायला नको त्यांना. राधाबाई सामंत, बोरिवली. पत्ता पण घाल हवा तर."

"तुझं नाव शास्त्राच्या पुस्तकात?"

"का? तुझं चालतं ना?"

मग माझ्याकडे न बघता, "पण तुझं जाईल का गो त्यापायी?"

मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही.

३१ ऑक्टो., गुरुवार

सकाळी सातला कॉलेजात. सगळं पुन्हा टाइप केलं, नंबर होते तसे. २१४ पुढे लिहिलं: गाय. पूर्ण वाढलेली. डावा खुबा, वाटीत ओझं ओढल्याची झीज. हाडावर कापल्याच्या खुणा. मापं आणि चित्रं सोबत. हाड परत करता येत नाही. माझ्या निष्काळजीपणामुळे घरी राहिलं असता माझ्या आईने, राधाबाई सामंत यांनी, ते गोराईच्या खाडीत विसर्जित केलं. विसर्जनाला इंग्रजी शब्द शोधायला पाऊण तास गेला. जे सापडले त्यात कुठे बुडवलं, कुठे फेकलं. शेवटी मराठीच शब्द ठेवला आणि खाली एक ओळ समजावून लिहिली.

पहिल्या पानावर माझं नाव टाइप केलं. खोडलं नाही. खोडायचं तर सर खोडतील.

सव्वादहाला सर आले. अहवाल हातात दिला. "सगळं नीट केलंत ना?" म्हणाले. मी म्हटलं, "वाचा सर." "बसा बाहेर. वाचतो."

बाहेर बाकावर बसून हे लिहितेय. पोती भिंतीशी लावून ठेवली आहेत, बाराला लॉरी येणार. बसवत नाही, पण उठलेही नाही. दार अर्धवट उघडं. सर सावकाश वाचतात, पान उलटलं की ऐकू येतं. एक झालं. दुसऱ्याला मध्येच "छान" असं काहीतरी पुटपुटले. आत्ता तिसरं उलटलं.

२१४ चौथ्या पानावर आहे.